आहारदान : उंबरठ्यापर्यंत

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. भगवान ऋषभदेवांना हस्तिनापुरी श्रेयांसाने दिलेल्या इक्षुरसाच्या आहाराचे स्मरण अक्षय्य तृतीयेला आजही होते. तत्त्वार्थसूत्राने वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे अंतरंग तप मानले. ज्या दहा प्रकारच्या मुनींची सेवा करावी, त्यांत ‘ग्लान’ म्हणजे रोगाने क्षीण झालेले मुनीही आहेत. आचार्य समंतभद्रांनी श्रावकाच्या दानाचा विचार वैयावृत्त्यातच केला. घरातच अडकून पडलेल्या वृद्धाला भोजन पोहोचविणे, हा याच विचाराचा विस्तार होय.

आधुनिक काळात या सेवेला संघटित रूप आले ते दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटनमधील महिला स्वयंसेविकांनी वृद्धांच्या घरी गरम जेवण नेण्यास प्रारंभ केला. जानेवारी 1954 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे असाच उपक्रम सुरू झाला व शाळकरी विद्यार्थी तेथे डबे पोहोचवू लागले. मुंबईत मात्र घरचा डबा कामाच्या ठिकाणी नेण्याची व्यवस्था 1890 पासूनच होती. ती होती कमावत्या माणसासाठी. अंथरुणावरील वृद्धासाठी नव्हे.

शासनाने हा प्रश्न टप्प्याटप्प्याने हाती घेतला. 2000 साली सुरू झालेल्या अन्नपूर्णा योजनेत 65 वर्षांवरील निराधार व निवृत्तिवेतनापासून वंचित वृद्धांसाठी दरमहा 10 किलो धान्य मोफत देण्याची तरतूद झाली. पण धान्य मिळाले तरी ते शिजवणार कोण? 26 जानेवारी 2020 रोजी राज्यात शिवभोजन थाळी आली. दोन पोळ्या, भाजी, वरण व भात असे शिजवलेले अन्न 10 रुपयांत मिळू लागले. टाळेबंदीत दर 5 रुपये झाला. पण केंद्रापर्यंत जाण्याचे बळ पायांत नसेल तर?

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 12,00,334 होती व दर पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहत होती. नोकरीसाठी मुले नागपूर-पुण्यास गेली की घरी उरतात ती वृद्ध माणसे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरातील वस्त्यांत व नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. चालता न येणारी माणसे कोणत्या घरी आहेत, हे अशा वेळी शेजाऱ्यालाच ठाऊक असते. ती यादी संकटापूर्वीच तयार असावी लागते.

जैन वृद्धांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा असते. कंदमुळे वर्ज्य, पाणी गाळलेले व उकळलेले, आणि सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी. डबा अर्धा तास उशिरा आला, तर व्रतस्थ वृद्ध त्या रात्री उपाशीच राहतो. हा नियम जाणणारी चूल समाजाचीच असू शकते. धान्य शासन देईल, थाळी केंद्र देईल; परंतु चुलीपासून उंबरठ्यापर्यंतचे शेवटचे अंतर शेजारधर्मानेच पार होते.