अवघे मन

खानदेशाचे नाव काढले की पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना भरताची वांगी, केळीच्या बागा आणि वैशाखातले ऊन आठवते. साहित्याचा विषय निघाला तर बहिणाबाई आठवतात, आणि पाहुणा थोडा अधिक वाचणारा असला तर अमळनेरचे साने गुरुजी. परंतु १९०७ साली महाराष्ट्रातले कवी आमच्या जळगावात गोळा झाले होते आणि पहिले महाराष्ट्र कविसंमेलन या गावात भरले होते, ही गोष्ट खुद्द जळगावकरांनाही मुद्दाम सांगावी लागते. अध्यक्षस्थानी होते कर्नल कीर्तिकर. पेशाने डॉक्टर, वनस्पतींचे मोठे जाणकार आणि काव्याचे रसिक. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून त्यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले, आणि ते नाव त्या पोराला जन्माचे चिकटले. संमेलनाची एवढी हकीकत शाळेच्या पुस्तकातही सापडते.

त्या मेळाव्यात आणखी एक गृहस्थ होते. डोक्याला फेटा, अंगावर साधा देशी वेष आणि नावामागे ‘रेव्हरंड’. कोकणातल्या करजगावी चित्पावन ब्राह्मणाच्या घरी १८६१ साली जन्मलेले आणि १८९५ साली ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक ते हे. मला आज लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी, आणि त्यांच्याहूनही जास्त लक्ष्मीबाईंविषयी.

दिवाळीच्या फराळाच्या ताटात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. नुसत्या धर्मांतराची गोष्ट असती तर मीही ती काढली नसती. एका देवळातून निघून दुसऱ्यात गेलेली माणसे जगात पुष्कळ आहेत. माझे कुतूहल निराळे आहे. देवाला अवघे मन द्यायचे, त्यातला एक कोपराही आपल्यापाशी ठेवायचा नाही, असे ज्या घरात एकाने ठरवले त्या घरातल्या बाकीच्यांचे काय झाले?

ही मागणी ख्रिस्ती धर्माच्या अगदी गाभ्यातली आहे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे येशूला एका शास्त्र्याने विचारले तेव्हा त्याने यहुद्यांच्या जुन्या शास्त्रातलेच उत्तर दिले: देवावर प्रीती करायची ती संपूर्ण अंतःकरणाने, संपूर्ण जिवाने, संपूर्ण बुद्धीने आणि संपूर्ण शक्तीने. चारी वेळा ‘संपूर्ण’. सगळे विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असे ऐकल्यावर तो श्रीमंत तरुण तोंड पाडून निघून गेला, ही कथा पुष्कळांना ठाऊक असेल. तिच्याहून कडक कथा हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची आहे. त्यांनी जमीन विकली, पैशांतला काही भाग मागे ठेवला आणि सगळे आणले असे भासवून उरलेले प्रेषितांच्या पायांशी ठेवले. दोघेही जागच्या जागी मेली. थोडे दिले म्हणून त्यांना दोष लागला नाही. थोडे देऊन सगळे दिल्याचा आव आणला, म्हणून लागला.

मराठी माणसाला ही भाषा परकी वाटू नये. आमच्या शेजारच्या धुळ्यास श्री समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून जमवलेली रामदासी बाडे जपून ठेवली आहेत. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे नऊ समास आहेत. त्यांतला शेवटचा, म्हणजे भक्तीची शेवटची पायरी, आत्मनिवेदनाचा. त्याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. गीतेचाही शेवट कशात आहे? शरण जाण्यात. टिळक याच मातीतले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. चर्चमध्ये इंग्रजी चालींवर ओढून बसवलेली गाणी त्यांना रुचत नसत. अभंग, भजन आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. आज नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या, पण १९९८ पर्यंत धुळ्यात असलेल्या नवापूरकडच्या मावची-भिल्ल ख्रिस्ती वस्त्यांत स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी काम केले. तिकडच्या मंडळ्यांपर्यंतही मराठी ख्रिस्ती गीते पोहोचली, आणि मराठी ख्रिस्ती गीते म्हटली की त्यांत टिळक आलेच.

असो. घराकडे वळू.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. गप्पा काव्यावरून धर्मावर गेल्या. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले ते चिकित्सकाच्या वृत्तीने. पण डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते थबकले, आणि पुढे त्यांना ते सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा जवळ नव्हत्या. आपल्या माणसांत होत्या. लग्न १८८० साली झालेले, तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या. त्यांच्या माहेरचे सोवळे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला विसरता यायचे नाही. बाहेरून आलेली प्रत्येक चीज धुतल्यावाचून घरात न घेणारे त्यांचे वडील! त्या मुलीला एके दिवशी कळले की आपला नवरा बाटला. त्या काळी याचा अर्थ, नवरा जिवंत आणि संसार मेलेला. ती ना विधवा, ना सवाशीण. नाशिक, जलालपूर, पंढरपूर असे नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. बरोबर लहानगा दत्तू. ही ताटातूट जवळजवळ पाच वर्षे चालली.

इथे मला टिळकांचा थोडा राग येतो आणि तो मी लपवीत नाही. त्यांनी मन वाहिले, ते त्यांचे होते, वाहण्याचा त्यांना अधिकार होता. पण त्या मनाच्या आधाराने दुसरे एक माणूस जगत होते. ख्रिस्ती चरित्रकार या ठिकाणी टिळकांच्या धैर्याचे वर्णन करतात, ते खरेच आहे. सगेसोयरे, मानमरातब, जात सगळे गेले, आणि ते डगमगले नाहीत. परंतु त्यांनी जे सोडले ते स्वतः सोडले. लक्ष्मीबाईंकडून ते काढून घेतले गेले. यांतले अवघड कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे गेल्या त्या ख्रिस्ती व्हायला म्हणून मुळीच नाही. पतीजवळ राहायचे आणि आपला धर्म आपण पाळायचा, हा त्यांचा बेत. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, सोवळे आपले आपण. टिळकांना माणसांची हौस. घरात कोणत्याही जातीचे कोणीही यायचे. लक्ष्मीबाई आपले पाणी सांभाळत बसायच्या. या काळातले प्रसंग त्यांनी अशा विनोदाने लिहिले आहेत की वाचताना आपण हसतो आणि हसू ओसरल्यावर पोटात कालवते.

मग एकदा त्या विचार करत बसल्या. जाती कोणी केल्या? देवाने केल्या असत्या तर गाय आणि घोडा यांच्यात दिसतो तसा काही भेद माणसामाणसांतही डोळ्यांना दिसला असता. तो तर दिसत नाही. म्हणजे हे काम माणसाचे. आणि माणसाने केलेले असेल तर ते मी का मानावे? नवऱ्याने वर्षानुवर्षे सांगून जे झाले नव्हते ते एकट्याने बसून केलेल्या विचाराने झाले. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे खाल्ले, प्याले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला या घटनेतले सर्वांत मोलाचे वाटते ते हे की लक्ष्मीबाई टिळकांना शरण गेल्या नाहीत. नवऱ्याच्या मागून धर्म बदललेल्या बायका त्या काळी पुष्कळ होत्या. ‘पतीचा तोच माझा’ म्हणून हिंदू शास्त्राच्याच आधाराने ख्रिस्ती होता आले असते! लक्ष्मीबाईंनी तो सोपा रस्ता पाच वर्षे नाकारला. टिळकांनी घडा एकदम पालथा केला. बाईंनी पळीपळीने पाणी सोडले, प्रत्येक पळी आधी पारखून. आणि पाणी सोडताना आपला विनोद, आपली रोखठोक जीभ आणि नवऱ्याच्या चुका काढण्याचा हक्क यांपैकी काही त्यांनी सोडले नाही. टिळकांचा तापट स्वभाव, हातात आलेला पैसा घरी पोहोचण्याआधी कोणा गरजूला देऊन टाकण्याची त्यांची खोड, हे सारे बाईंनी जगापुढे मांडले आहे. घरात पीठ नसताना नवरा दानशूर असला म्हणजे काय होते, हे कोणत्याही गृहिणीला विचारावे.

जळगावच्या संमेलनाला टिळक आले ते अशा घरातून. ठोमऱ्यांवर त्यांची माया बसली, आणि पुढे बालकवी काही काळ नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी या हळव्या, लहरी, कधी आनंदात तर कधी खोल उदासीत बुडालेल्या मुलाला पोटच्या पोरासारखे सांभाळले. ‘फुलराणी’ आणि ‘औदुंबर’ लिहिणारा हा कवी मिशनऱ्याच्या घरात राहिला, जेवला, रुसला, समजूत काढून घेतली, आणि हिंदू होता तसाच राहिला. घरात प्रार्थना व्हायची, भजने व्हायची. पाहुण्याने मन कोणाला द्यावे हा मात्र पाहुण्याचा प्रश्न होता. टिळकांना हे शहाणपण कोठून आले? माझी समजूत अशी की ती पाच वर्षे त्यांनाही काही शिकवून गेली होती.

टिळकांचे देणे १८९५ मध्ये संपले नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे काम, मिशनचा पगार, ‘ज्ञानोदया’चे संपादन यांत वर्षे गेली, आणि काहीतरी मागे राहून गेले आहे ही रुखरुख वाढत गेली. पगार घेऊन ख्रिस्ताची सेवा करणारा माणूस आपल्या लोकांच्या डोळ्यांना नोकर दिसतो. त्यांना साधू समजतो, पाद्री समजत नाही. १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यास घेतला. ख्रिस्ती संन्यास! संन्यास म्हटला की आपल्याकडे घर सुटते, बायको सुटते. टिळकांच्या संन्यासात पगार सुटला, बायको सुटली नाही. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसणार होते. बाप्तिस्म्याचा शिक्का हीच ज्यांच्या दृष्टीने सीमारेषा, त्या ख्रिस्ती मंडळींना हे रुचणे कठीणच होते. हिंदूंनी एकदा टाकलेला माणूस म्हातारपणी स्वकीय ख्रिस्त्यांच्याही कपाळाला आठ्या घालायला निघाला होता. पहिल्या वेळी त्यांनी जात सोडली, या वेळी सुरक्षितपणा सोडला. आणि दुसरे सोडणे मला पहिल्याहून मोठे वाटते, कारण या वेळी त्यांना किंमत ठाऊक होती.

दरबाराला आयुष्य लाभले नाही. जळगावहून भुसावळकडे पॅसेंजरने निघालो की भादलीचे लहानसे स्टेशन लागते. ५ मे १९१८ रोजी तेथे रुळांवर आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे अठ्ठावीसही पुरते नव्हते. पुढच्या वर्षी ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे दफन न करता दहन झाले.

मागे उरल्या लक्ष्मीबाई आणि एक अर्धवट ग्रंथ. ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत गाण्याचा संकल्प टिळकांनी सोडला होता. ‘ख्रिस्तायन’ हे त्याचे नाव. सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि लेखणी थांबली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या हाताखाली अक्षरे गिरवलेल्या या बाईने तो ग्रंथ पुढे घेतला आणि ६४ अध्याय स्वतः रचले. मधल्या काळात पोटासाठी नोकरी झाली, मुलाबरोबर कराचीचे वास्तव्य झाले, नाशिक झाले. त्याच वर्षांत ‘स्मृतिचित्रे’ही बाहेर येऊ लागली, आणि ज्यांना ख्रिस्त किंवा धर्मांतर या कशाशीही कर्तव्य नव्हते अशा मराठी घरांतून ती मोठ्याने वाचली गेली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशकात त्यांनी देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ छापून लोकांच्या हाती आले ते १९३८ साली.