दोर की जाळी? गवताच्या गोल गठ्ठ्यामागचा इतिहास

१/
अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील पशुपालकाला दर उन्हाळ्यात एक निर्णय घ्यावा लागतो: वाळलेल्या गवताचा गोल गठ्ठा दोराने बांधायचा की प्लॅस्टिकच्या जाळीत गुंडाळायचा? प्रश्न किरकोळ वाटतो. मात्र वैरण कशाने बांधावी हा वाद तेथे दीडशे वर्षे चालू आहे आणि त्याचा पहिला निकाल गाईच्या पोटाने लावला होता.

२/
१८७०च्या दशकात घोड्यांच्या कापणी यंत्राने गहू झपाट्याने कापला जाई, पण पेंढ्या बांधण्यासाठी मागे माणसे लागतच. त्यावरचा बाजारात चाललेला पहिला उपाय तारेचा होता. यंत्र पेंढीभोवती तार फिरवून तिला पीळ देई. मॅकॉर्मिक कंपनीने अशी यंत्रे विकली आणि लवकरच तक्रारी सुरू झाल्या. मळणीनंतर तारेचे तुकडे काडात राहत, जनावरे ते वैरणीबरोबर गिळत आणि आतून जखमी होऊन मरत. गव्हातून गिरणीत गेलेल्या तुकड्यांमुळे ठिणगी पडण्याचे भय वेगळेच.

३/
दोर हा उघड पर्याय होता. अडचण होती गाठीची. तारेला पीळ पुरतो, दोराला गाठ मारावी लागते आणि गाठ मारणे हे बोटांचे काम. विस्कॉन्सिनच्या जॉन अ‍ॅपलबीने चोचीसारखा फिरणारा एक लहानसा आकडा बनवून ते यंत्राकडून करवून घेतले. विल्यम डीअरिंगने १८८०च्या हंगामासाठी अशी सुमारे ३,००० यंत्रे काढली. यंत्रे तयार झाली, पण त्यांत न अडकता धावेल असा एकसारख्या जाडीचा स्वस्त दोरच बाजारात नव्हता! अखेर फिलाडेल्फियाचा दोर-कारखानदार एडविन फिटलर याच्याकडून तो खास बनवून घ्यावा लागला. पाठोपाठ मॅकॉर्मिकनेही तार सोडून दोर धरला.

४/
या दोराचा धागा दोन ठिकाणांहून येई. एक फिलिपाइन्सचा मनिला, केळीच्या कुळातील वनस्पतीचा. दुसरा मेक्सिकोतील युकातान प्रांताच्या एनेकेनचा. महाराष्ट्रात शेताच्या बांधावर दिसणारे घायपात याच कुळातले. हा धागा ज्या बंदरातून बाहेर पडे त्याचे नाव सिसाल; त्यावरूनच जगभर ‘सिसल’ हा शब्द रूढ झाला.

५/
दोर जनावरांना मानवला. माणसांना त्याची किंमत मोजावी लागली. युकातानातील बड्या मळ्यांवर माया शेतमजूर पिढीजात कर्जाने जखडलेले होते. पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत उत्तरेकडील सोनोरातून याकी लोकांना हद्दपार करून याच मळ्यांवर जुंपण्यात आले. १९०२ साली मॅकॉर्मिक आणि डीअरिंग हे जुने प्रतिस्पर्धी एकत्र येऊन ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ उभी राहिली. त्याच वर्षी कंपनीने ओलेगारिओ मोलिना याच्या पेढीशी गुप्त करार केला. उद्देश धाग्याचा भाव पाडण्याचा. हा मोलिना त्या वेळी युकातानचा गव्हर्नर होता, हे विसरता कामा नये. १९१५ साली क्रांतीचा सेनानी साल्वादोर आल्वारादो तेथे आला. त्याच्या अमलात कर्जगुलामी मोडली, धाग्याची विक्री सरकारी मंडळाच्या हाती एकवटली आणि भाव चढला. तेव्हा मात्र अमेरिकी सिनेटने चौकशी मांडली! स्वस्त दोर हा आपला हक्कच आहे, अशी तिकडची समजूत झाली होती.

६/
पुढे कापणी-मळणी एकाच यंत्रात होऊ लागली आणि पेंढी बांधण्याचे कामच संपले. दोर वाचला तो गवतामुळे. १९४०च्या सुमारास न्यू हॉलंडचे चौकोनी गठ्ठे आपोआप बांधणारे यंत्र आले, १९४७ साली अ‍ॅलिस-चाल्मर्सचे लहान गोल गठ्ठ्यांचे. १९७१ साली आयोवातील पेला गावच्या गॅरी व्हर्मीअर यांनी जवळजवळ टनभर वजनाचा गोल गठ्ठा वळणारे यंत्र बाजारात आणले. आता वैरण एकटा माणूस ट्रॅक्टरवर बसून उरकू शकत होता. गंमत अशी की गोल गठ्ठ्याला गाठ लागत नाही. दोर नुसता गुंडाळला तरी घर्षणाने टिकतो. अ‍ॅपलबीचा तो आकडा येथे निरुपयोगी ठरला.

७/
अडचण वेळेची. दोराचे अनेक वेढे पडेपर्यंत यंत्र जागेवरच उभे राहते आणि आकाशात ढग जमत असतात. १९८०च्या दशकात आलेली विणलेली प्लॅस्टिकची जाळी दोन-तीन फेऱ्यांत काम संपवते. शिवाय ती पृष्ठभाग झाकते, त्यामुळे पावसाचे पाणी बरेचसे ओघळून जाते. याचे मोल साध्या भूमितीने कळते: पाच फूट व्यासाच्या गठ्ठ्यात बाहेरच्या अर्ध्या फुटाच्या थरातच एक तृतीयांशाहून अधिक गवत असते. तेवढा थर कुजला तर दोरात वाचलेले पैसे कधीच निघून गेलेले असतात. म्हणून गठ्ठे उघड्यावर ठेवणारा शेतकरी महाग असूनही जाळी घेतो. ज्याच्याकडे छप्पर आहे, त्याला दोर अजूनही परवडतो.

८/
आणि येथे इतिहास पुन्हा गोठ्यात शिरतो. सिसलचा दोर गाईच्या कोटीपोटात हळूहळू का होईना, विरघळतो. जाळी विरघळत नाही. नॉर्थ डकोटातील संशोधकांनी हे प्रयोगांनी दाखवले आहे. वैरण जाळीसकट दळून घातली की तिचे तुकडे पोटात साचत जातात, त्यांचा गोळा होतो आणि कधी वाट अडते. प्लॅस्टिकचा दोरही याला अपवाद नाही. युकातानचा बाजार खाण्यात त्याचाही वाटा होता.

९/
उपाय जुनाच आहे: खाऊ घालण्यापूर्वी बांधणी काढून घ्यायची. परंतु डकोटाच्या हिवाळ्यात ओली जाळी गवताशी गोठून एकजीव होते. सुरीने कापली, ओढली, तरी काही पट्टे बर्फाखाली राहतातच. ज्या यंत्राने गठ्ठा वळताना माणूस वाचवला, त्याच्या गठ्ठ्याची जाळी सोलायला शून्याखालच्या थंडीत पुन्हा माणूसच उभा राहतो, हातमोजे काढून.