किल्ल्यातील पत्रे आणि फोनमधील परवानग्या

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्याविषयी लिहिताना निजामशाही, चांदबिबीचा लढा आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतलेला ताबा यांवरच बहुधा भर दिला जातो. परंतु विसाव्या शतकात हा किल्ला प्रामुख्याने बंदिवासाची जागा होता आणि त्या बंदिवासाबरोबर दुसऱ्याचे खाजगी पत्र उघडून वाचण्याची रीतसर व्यवस्थाही नगरात रुजली, ही बाब सहसा नजरेआड राहते. बोअर युद्धातील कैदी येथे होते. पहिल्या महायुद्धात नगरच्या छावणीत डांबलेल्या जर्मन नजरकैद्यांच्या टपालावर तपासनीसाचे शिक्के उमटत होते.

या व्यवस्थेचे सर्वांत बोलके पर्व ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झाले. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना, ज्यांत जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद आणि शंकरराव देव होते, खास रेल्वेगाडीने नगरला आणण्यात आले, मात्र त्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने जाहीर केले नाही. सुरुवातीच्या काळात वर्तमानपत्रेही नाहीत आणि पत्रव्यवहारही नाही, अशी स्थिती होती. पुढे पत्रांना मुभा मिळाली ती केवळ नातेवाइकांपुरती, आणि तीही सरकारी तपासणीच्या वाटेने. म्हणजे माणूस कोठे आहे, तो कोणाशी बोलतो आणि काय बोलतो, या तिन्ही गोष्टींवर सत्तेने एकाच वेळी ताबा मिळवला होता. आझादांच्या पत्नीचे एप्रिल १९४३ मध्ये कोलकात्यात निधन झाले, तेव्हा ते किल्ल्यातच होते. याच काळात त्यांनी हबीबुर रहमान खान शेरवानी या स्नेह्यांना उद्देशून पत्रांमागून पत्रे लिहिली, जी टपालात कधी पडलीच नाहीत आणि १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूपात आली. इतकी मनमोकळी पत्रे न धाडण्यासाठीच लिहावी लागली, यातच त्या तपासणीचा खरा परिणाम दिसतो, कारण पत्र वाचले जाणार हे ठाऊक असलेला माणूस लिहिण्याआधीच स्वतःचे शब्द गाळू लागतो.

पत्र अडविण्याचा अधिकार युद्धकाळातच जन्मला असे मात्र नव्हे. १८८५ च्या तार कायद्याच्या ५ व्या कलमाने तारा आणि १८९८ च्या टपाल कायद्याच्या २६ व्या कलमाने पत्रे अडविण्याची मुभा सरकारला आधीच दिली होती, आणि दोन्ही कायदे स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके टिकले. गोपनीयता हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, असा निःसंदिग्ध निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने दिला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी.

तोपर्यंत पत्राची जागा फोनने घेतली होती. स्मार्टफोनची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचा सारा कारभार सांभाळणारी मूळ आज्ञावली, प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र कप्प्यात ठेवते आणि कॅमेरा, मायक्रोफोन, संपर्कयादी किंवा ठिकाण यांपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला मालकाची संमती मागायला लावते. या संमतीलाच ‘परवानगी’ म्हणतात. अँड्रॉइडवर २०१५ पूर्वी अ‍ॅप घेतानाच सर्व परवानग्यांची यादी समोर येत असे आणि ती सगळी मान्य करणे किंवा अ‍ॅप सोडून देणे एवढेच दोन मार्ग असत, म्हणून त्या होकाराला संमती म्हणणे कठीणच होते. सहाव्या आवृत्तीपासून गरजेच्या वेळी एकेक परवानगी विचारली जाऊ लागली, २०१९ मध्ये केवळ अ‍ॅप वापरात असतानाच ठिकाण कळू देण्याची आणि २०२० मध्ये एकाच वेळेपुरती परवानगी देण्याची सोय झाली. यांपैकी संपर्कयादीची परवानगी सर्वांत विचारपूर्वक द्यावी लागते, कारण ती देताना माणूस स्वतःचे नव्हे, तर ज्यांना कोणी विचारलेलेच नाही अशा आप्तांचे आणि शेजाऱ्यांचे क्रमांक दुसऱ्याच्या हवाली करतो. किल्ल्यातील कैद्याला आपले पत्र सरकार वाचते हे तरी ठाऊक होते. फोनच्या मालकाला नकाराचा अधिकार आहे, पण वाचणारा कोण हे त्याला बहुधा कळत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. माहिती कशासाठी घेतली जाते याची सूचना आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणून मराठीतही, वाचण्याचा पर्याय तो देतो, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे बंधन घालतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. याच कायद्याचे १७ वे कलम मात्र देशाची सुरक्षितता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी केंद्र सरकार अधिसूचित करील त्या शासकीय यंत्रणांना या बंधनांतून वगळते, आणि १८९८ च्या कायद्याने पत्रे अडविण्यासाठी दिलेली कारणेही सार्वजनिक सुरक्षितता आणि शांतता हीच होती.