खांदेरीची लढाई

खांदेरीची लढाई ही इ.स. १६७९-८० मध्ये मराठा आरमार आणि मुंबईकर इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी यांच्यात झालेली सागरी मोहीम होय. खांदेरी हे बेट रायगड जिल्ह्यातील थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराच्या दक्षिणेस आहे. तेथून मुंबईच्या जहाजांवर आणि सिद्दीच्या हालचालींवर नजर ठेवणे शक्य होते.

घटनाक्रम

ऑगस्ट १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रज ताफ्यावर हल्ला करून 'डोव्हर' ही गुराब पकडली. मात्र कॅप्टन कीग्विनच्या 'रिव्हेंज' जहाजाच्या तोफांपुढे मराठ्यांना खाडीकडे परतावे लागले. नोव्हेंबरमध्ये सिद्दीचे आरमार इंग्रजांना येऊन मिळाले. तरीही वल्ह्यांनी चालणाऱ्या, उथळ पाण्यात वावरणाऱ्या मराठी होड्या रात्री रसद पोहोचवीत राहिल्या. अवजड जहाजांना त्यांचा पाठलाग करता येत नसे.

परिणाम

अखेर इंग्रजांनी माघार घेऊन इ.स. १६८० मध्ये तह केला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिले. परंतु शेजारचे उंदेरी बेट सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये व्यापले, त्यामुळे हे यश अपुरे ठरले. खुल्या समुद्रातील चकमकीपेक्षा रसदीचा मार्ग टिकवणे या मोहिमेत निर्णायक ठरले. इ.स. १७१८ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या काळातही खांदेरीवरील इंग्रजांचा हल्ला अयशस्वी झाला.