लखपती होण्याचा सोपा मार्ग

लखपती व्हावं ही माझी फार जुनी इच्छा. मी शाळेत होतो तेव्हा लखपती म्हणजे सिनेमातल्या नायिकेचा बाप. तोंडात पाईप, अंगात रेशमी गाऊन, आणि जिन्यावरून खाली उतरतानाच ओरडायचा. पुढं मी नोकरीला लागलो, प्रॉव्हिडंट फंड साठत गेला आणि लाख रुपये जमले तोवर तेवढ्यात स्वयंपाकघराच्या फरश्यासुद्धा बदलून होईनात. तेव्हा निवृत्तीनंतर मी नाद सोडला आणि सरळ लखपतला जाऊन आलो.

"कच्छला गेल्यावर लोक पांढरं रण बघतात, शाली घेतात," सौ. म्हणाली. "तुम्हांला बरं पडकं गाव सुचलं!"

हे पडकं गाव भुजपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, वायव्येच्या टोकाला आहे. तिथं रस्ता संपतो, गुजरात संपतो आणि थोडं पुढं भारतही संपतो. एकीकडे कोरी खाडी, पलीकडे रण. आणि या सगळ्याच्या मधोमध जवळजवळ सात किलोमीटर लांबीचा दगडी तट, भरभक्कम, बुरुजांसकट. वेशीतून आत गेल्यावर शहर लागेल म्हणून आम्ही बराच वेळ शहर शोधत राहिलो. लागली ती वेडी बाभूळ. तिच्यात अधूनमधून पडक्या भिंती, एखादा घुमट, आणि थोडीशी घरं. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती साडेपाचशेच्या आसपास होती. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या जेवणाला याहून जास्त पानं उठतात!

पण नावाला आधार आहे. दिवसाला लाख कोरी उत्पन्न म्हणून लखपत, असं लोक सांगतात. कोरी म्हणजे कच्छचं स्वतःचं नाणं, १९४८ पर्यंत चालत होतं. दुसरे म्हणतात, छे, हे राव लखपतजींचं नाव. अठराव्या शतकात भुजला आरसेमहाल बांधून घेणारा हा शौकीन राजा. मला पहिली व्युत्पत्ती आवडते. राजाचं नाव कुठल्याही गावाला चिकटवता येतं, लाखाची आवक दाखवायला बंदर लागतं.

बंदर होतंच. सिंधूचा एक फाटा तेव्हा इकडे कोरीतून समुद्राला मिळायचा. सिंधशी व्यापार चाले, आणि ऐका, या वाळवंटाच्या काठी भात पिकायचा. त्यात पहिली माशी शिंकली ती शेजाऱ्याची. सिंधच्या गुलाम शाह कल्होऱ्यानं १७६२ साली झाऱ्याला कच्छशी लढाई केली आणि पुढं वरच्या अंगाला नदीवर बांध घातला. आमच्या इमारतीत तळमजल्यावरचे पंप लावून वरच्यांचं पाणी पळवतात. नदीत वरचे खालच्यांचं पळवतात, एवढाच फरक. भात गेला. तरी बंदर चालू होतं, म्हणून जमादार फत्तेह महंमदानं १८०१ साली हा तट उभा केला. जमादार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं पोलीस चौकीतला पोट सुटलेला माणूस आला. हा तसला नव्हे. हा साधा लष्करी माणूस वर चढत चढत अख्ख्या कच्छचा कारभारी झाला होता. त्यानं शत्रूचा सगळा विचार केला. कुठून येईल, किती येतील, तोफा कुठं लावाव्यात.

१६ जून १८१९. संध्याकाळची वेळ. शत्रू आला तो खालून.

भुजची घरं कोसळली, पार अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार पडले. रणात सिंद्री म्हणून कच्छचं ठाणं होतं, जकात नाकाच म्हणा. तो प्रदेश खचला आणि नाक्यावर समुद्र आला. जकात न भरता! ठाण्यातली माणसं बुरुजावर चढून बसली, त्यांना दुसऱ्या दिवशी होडीनं सोडवलं. आणि उत्तरेला सपाट रणात, जिथं आदल्या दिवशी काही नव्हतं, तिथं जमीन वर उचलली जाऊन ऐंशी किलोमीटरहून लांब बांध तयार झाला. कुठंकुठं वीस फूट उंच. कल्होऱ्याचे बांध माणसांनी घातलेले. हा कुणी घातला? लोकांनी नाव ठेवलं अल्लाबंद. एकही टेंडर न निघता पूर्ण झालेलं हे एवढं मोठं धरण माझ्या तरी दुसरं पाहण्यात नाही. नदीची वाट त्यानं अडवली. तटाला भोगवट्याचा दाखला मिळून तेव्हा पुरती अठरा वर्षं झाली होती.

यातला विनोद (मला तरी तो विनोदच वाटतो, दुसरं काय वाटून घ्यायचं?) पुढं आहे. भूकंपाआधी लखपतच्या किल्ल्यापाशी ओहोटीला जेमतेम फूटभर पाणी असे. धोतर वर घेऊन माणूस पलीकडे जाई. भूकंपानंतर तिथं अठरा फुटांवर खोली झाली. म्हणजे बंदराला हवं तसं पाणी आलं, फक्त ते खारं. चार्ल्स लायेल या भूगर्भशास्त्रज्ञानं हे आकडे आपल्या ग्रंथात घातले, बुडालेल्या सिंद्रीचं चित्रही छापलं. १८२६ च्या पुरात सिंधूनं अल्लाबंद फोडून एकदा डोकावूनही पाहिलं. पण माहेरपणाला आलेल्या मुलीसारखी, राहिली नाही. पुढं कराची वाढली, व्यापार तिकडे गेला. १९४७ साली मध्ये सरहद्दच आली. आता बुरुजावर सीमा सुरक्षा दलाचे जवान असतात. म्हणजे जमादाराचा तट शेवटी कामाला आला म्हणायचा.

माणसं मात्र अगदीच गेली नाहीत. गुरू नानक मक्केच्या वाटेवर इथं राहिले असं मानतात. त्यांच्या गुरुद्वाऱ्यात पादुका आहेत. २००१ च्या भूकंपात त्याची पडझड झाली, ती इतकी नीट दुरुस्त केली की २००४ साली युनेस्कोनं बक्षीस दिलं. जवळच घौस महंमद या सूफी अवलियाचा काळ्या दगडाचा कुबो आहे. त्यांचे शिष्य हिंदू आणि मुसलमान दोन्ही होते.

तटावर उभं राहून सौ.नं खाडीकडे पाहिलं. "अहो, नदी नाही, बंदर नाही. मग ही उरलेली माणसं इथं राहतात का?"

लखपतशी आमचा संबंध तसा जुना. १९५६ ते १९६०, पुरती साडेतीन वर्षं, ते आणि आमची सावंतवाडी एकाच मुंबई राज्यात होती. पण मला राज्य आठवलं नाही, आप्पा आठवले. घरात एकटे उरले होते. मागची पडवी एका पावसाळ्यात भिंतीसकट बसली, गुरं सरळ माजघरात येत. तरी आप्पा रोज रात्री पुढच्या दाराला अडसर घालायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, मागं भिंतच नाही, अडसर कशाला?"

"म्हणून पुढचं दार पण उघडं टाकू?" आप्पा म्हणाले, आणि अडसर हलवून नीट बसलाय ना ते पाहिलं.

हे मी सौ.ला सांगितलं नाही. ती सासऱ्यांची आठवण निघाली की अजून रडते. आम्ही खाली उतरून गाडीत बसलो. वेशीशी आल्यावर ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि, समोरून कुणी येत नव्हतं तरी, दोनदा हॉर्न वाजवला.