‘साचा’ : मुंबईचा एक अनुबोधपट

भूम पडले बालाघाटच्या डोंगरात. समुद्राशी आपला संबंध तो काय? पण कापसाचा आहे. १८९७ साली बार्शीला छोटी रेल्वे आली, १९११ साली ती लातुरास पोचली, आणि आपल्या मुलखातील गाठी मुंबईच्या वाटेस लागल्या. म्हणून त्या शहरावरील एका अनुबोधपटाविषयी आम्ही बोलणार आहोत.

त्याचे नाव ‘साचा’. गिरणीत मागाला साचा म्हणतात. अंजली मोंटेरो व के. पी. जयशंकर यांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतर्फे २००१ साली तो काढला. पाऊण तासाहून थोडा मोठा. त्यात कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन हे दोघे आपली मुंबई सांगतात. सुर्वे रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना वाढविले, आपले नाव दिले. पटवर्धन ठाण्यातले क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर. माणसाच्या आत डोकावण्याची सवय त्यांच्या चित्रांतही उतरली, असे आम्हांस वाटते.

१६६८ साली इंग्रज राजाने ही बेटे वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीस दिली. पुढे खाड्या बुजल्या, गोद्या झाल्या. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुस्तकांत दावरशेठ सापडतात. साच्यावर उभा राहणारा रत्नागिरीचा, साताऱ्याचा गडी सापडत नाही. रविवारची सुट्टी आज आपण सारेच भोगतो. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना जमवून मागितली, तेव्हा १८९० साली गिरण्यांना ती मिळाली. दहा तासांचा दिवस मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे दूर होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कितीएकांना पुन्हा साचा दिसला नाही. मग प्रश्न उरला जमिनीचा. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जागेचा एक भाग मोकळ्या मैदानासाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी असा ठरला होता. २००१ साली, म्हणजे हा अनुबोधपट निघाला त्याच साली, सरकारने नियम बदलला : वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची, इमारतीखालची जागा वगळावी. गिरणी म्हणजे बहुतेक इमारतच! मैदाने आणि घरे दोन्ही आकसली. खटला झाला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम उचलून धरला.