बळी घ्यायला आपला, चहाला परका

बडोद्याच्या मराठी घरांत क्रिकेटची गोष्ट निघाली की ती विजय हजारे यांच्यापाशी जाऊन थांबते. खरे तर ती आणखी मागे, धारवाडपर्यंत न्यायला हवी. कानडी-मराठी बोलींच्या त्या गावात 1876 साली पळवणकर बाळू जन्मले. वडील फौजेत, जात चांभार.

पुढे पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात त्यांना महिना 4 रुपयांची नोकरी लागली. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि सरावाला साहेबांना गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचे कॅप्टन आपण बाद झालो की बाळूंना आठ आणे देत, असे सांगतात. तासन्‌तास चेंडू टाकून डाव्या हाताची फिरकी तिथेच घोटली गेली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

साहेबांना हरवायचे तर असा गोलंदाज हवाच, म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. पण चहाच्या वेळी सवंगडी आत, आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यातून पिणार! अमेरिकेत गोऱ्यांनी बेसबॉलच्या बड्या संघांत काळ्यांना घेतलेच नाही. तेव्हा रूब फॉस्टर या चेंडूफेक करणाऱ्या खेळाडूने 1920 साली त्यांची वेगळी लीग उभारली. आपल्याकडे दार उघडे होते, उंबरठा तेवढा शिल्लक होता. यातले अधिक बोचरे कोणते, वाचकांनीच ठरवावे.

1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचे 8 बळी. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ 23 पैकी 15 सामने हरला. बाळूंनी मात्र 114 बळी मिळवले. तरुण आंबेडकरांना त्यांचा मोठा अभिमान होता. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून हेच आंबेडकर 1917 साली बडोद्यात नोकरीला आले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. महाराज उदार होते. शहर आणि कचेरी नव्हती.

हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधीच मिळाले नाही. 1920 साली या डावलण्याच्या निषेधार्थ भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर राहिले. मग बाळू उपकप्तान झाले, आणि कप्तान पै मैदान सोडून गेले तेवढा वेळ त्यांनी संघ चालवला. 1923 साली कप्तान झाले ते विठ्ठल.

1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना आंबेडकरांसमोरच उभे केले. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. बाळू 1955 साली वारले.